शब्दाची वाट : ऑटिस्टिक प्रौढांच्या भाषेविषयी वाचकांचे प्रश्न

ऑटिस्टिक मुलांच्या बोलण्याविषयी या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतली बरीचशी मुलांविषयी नव्हती, तर मोठ्या माणसांविषयी होती. काही पत्रे तर ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतःच लिहिलेली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे दिसतो : एका शब्दावरून दुसरा शब्द सुचताना या व्यक्तींचे मन कोणत्या वाटेने जाते, आणि ती वाट ऐकणाऱ्याला दिसत नसेल तर काय करावे. या महिन्याचे सदर त्या पत्रांसाठी राखून ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे. ऑटिझमचे निदान लहानपणीच झाले. तो एका छापखान्यात पुस्तकबांधणीचे काम करतो, वर्तमानपत्र वाचतो, हिशेबाला चोख आहे. मात्र काही बिनसले की तो "कोयना सुटली, कोयना सुटली" असे म्हणत राहतो. तो सात वर्षांचा असताना मिरज स्थानकात आमच्या डोळ्यांदेखत कोयना एक्सप्रेस सुटली आणि मामाच्या लग्नाला जायचे राहिले, तेव्हापासूनचे हे वाक्य आहे. पावसाळ्यात तर शेजारीपाजारी दचकतात, कारण आमच्या भागात "कोयना सुटली" म्हटले की धरणाचे पाणी सोडले असेच कोणालाही वाटते. आईचे म्हणणे असे की या वयात असले निरर्थक बोलणे शोभत नाही, ते बंद केले पाहिजे. आपले मत काय?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपल्या पत्रातच आहे, कारण हे वाक्य कुठून आले ते आपण नेमके सांगू शकता. ज्या बोलण्याचा उगम सांगता येतो आणि जे ठरावीक प्रसंगीच तोंडी येते, त्याला निरर्थक म्हणणे मला पटत नाही. गाडी सुटली त्या दिवशी ठरलेले मोडले, सगळे हताश झाले आणि त्यावर इलाज उरला नाही. आज छापखान्यात कागद वेळेवर आला नाही, किंवा रविवारी ठरलेली पाहुणेमंडळी आली नाहीत, तर तीच अवस्था पुन्हा होते आणि तेच वाक्य पुन्हा येते. आपण त्याच ठिकाणी "सगळा बेत फिसकटला" असे म्हणालो असतो. दोन्हींतला फरक एवढाच, की आपले वाक्य सगळ्या गावाचे आहे आणि त्याचे वाक्य त्या एका फलाटावरचे आहे.

हा प्रकार ऑटिझमच्या अभ्यासाइतकाच जुना आहे. अमेरिकेतील बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, आणि तीनच वर्षांनी, १९४६ मध्ये, अशा मुलांच्या असंबद्ध वाटणाऱ्या भाषेवर स्वतंत्र लेख लिहिला. त्यातला एक मुलगा स्वयंपाकाचे पातेले दिसले की "पीटर ईटर" असे म्हणत असे. चौकशी केल्यावर कळले, की तो दोन वर्षांचा असताना आई त्याला पीटर नावाच्या भोपळेखाऊ माणसाचे इंग्रजी बडबडगीत म्हणून दाखवत होती आणि तेवढ्यात तिच्या हातून पातेले खाली पडले होते. दुसऱ्या एका मुलाच्या खरेपणाविषयी आईवडिलांनी शंका घेतली की तो स्वतःला "ब्लम" म्हणवून घेई. त्याचा उलगडा वर्तमानपत्रात झाला : ब्लम नावाच्या फर्निचरवाल्याची जाहिरात येत असे आणि तीत "ब्लम खरे बोलतो" असे मोठ्या अक्षरांत छापलेले असे. १९४३ च्या लेखातल्या पहिल्या मुलाच्या, डोनाल्डच्या बाबतीत तर "हो" या साध्या शब्दाचेही असेच झाले होते. वडिलांनी "तुला खांद्यावर घेऊ का? घ्यायला हवे असेल तर हो म्हण" असे सांगून त्याला तो शब्द शिकवला, आणि पुढे बराच काळ "हो" म्हणजे "मला खांद्यावर घ्या" एवढाच त्याचा अर्थ राहिला.

कॅनर यांनी यातून काढलेला निष्कर्ष मला आजही महत्त्वाचा वाटतो. त्यांच्या मते ही बोलणी रूपकेच आहेत. एका गोष्टीचे नाव साम्यावरून दुसरीला द्यायचे हे काम कवी करतो तसेच ही मुलेही करतात. परंतु कवीचे रूपक ऐकणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या अनुभवातून उलगडते, तर या मुलांचे रूपक त्यांच्या खासगी आठवणीला बांधलेले असते आणि ती आठवण कोणी सांगितल्याशिवाय ऐकणाऱ्याला तिथवर पोचताच येत नाही. "असंबद्ध" हा शब्द कॅनर यांनी लेखाच्या शीर्षकात वापरला खरा, पण तो लेख वाचून संपेपर्यंत त्या शब्दात काही अर्थ उरत नाही.

ऐकलेले वाक्य नंतर केव्हातरी जसेच्या तसे म्हणणे याला वाचा-उपचारात विलंबित एकोलालिया म्हणतात. एके काळी हे बोलणे दडपून टाकण्याचे प्रयत्न सर्रास होत. बॅरी प्रिझंट आणि पॅट्रिक रायडेल या अमेरिकी संशोधकांनी १९८४ मध्ये अशा बोलण्याची बारकाईने नोंद केली, तेव्हा त्यांना त्याची चौदा निरनिराळी कामे आढळली : मागणी करणे, नकार देणे, लक्ष वेधणे, स्वतःलाच सूचना देणे, आणि अशीच इतर. त्यांचा अभ्यास मुलांचा होता, परंतु प्रौढांतही ही कामे चालू असल्याचे आम्हाला रोजच दिसते.

म्हणून हे वाक्य बंद करण्याच्या फंदात पडू नये असे मी आपल्या आईंना आदराने सुचवीन. ते बंद झाले तर त्रास तसाच राहील आणि तो कळण्याचा मार्ग तेवढा बुजेल. त्याऐवजी काही दिवस एका वहीत टिपून ठेवावे, की वाक्य आले त्याच्या आधी काय घडले आणि नंतर तो कशाने शांत झाला. मग भाऊ निवांत असताना त्याला विचारावे, की हेच अनोळखी माणसाला सांगायचे झाले तर कसे सांगशील. "ठरलेलं बदललं, मला थोडा वेळ द्या" असे एखादे वाक्य त्याने स्वतः निवडले, तर ते छापखान्यात आणि पावसाळ्यात उपयोगी पडेल, घरात मात्र "कोयना सुटली" चालू द्यावे आणि आपणही त्याला "कुठली गाडी सुटली?" असे विचारून उत्तर द्यावे. एक सावधगिरी ठेवावी. वाक्याचे प्रमाण अचानक वाढले आणि बाहेर काहीच बदललेले नसेल, तर दातदुखी, पोटाची तक्रार, झोप यांची तपासणी आधी करावी. दुखणे नेमके कुठे आहे हे सांगणे पुष्कळ ऑटिस्टिक प्रौढांना अवघड जाते, आणि तेव्हा जुनेच वाक्य नव्या दुखण्यासाठी वापरले जाते.

प्रश्न : मी महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. शब्दसाहचर्य चाचणीत दिलेल्या शब्दाला प्रथम सुचलेला शब्द सांगायचा असतो. अशा चाचणीवरून प्रौढ व्यक्तीतील ऑटिझम ओळखता येईल का? मराठीतून अशी चाचणी तयार करावी असे माझ्या काही विद्यार्थ्यांना वाटते.
— एक प्राध्यापिका, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ओळखता येणार नाही, आणि त्या हेतूने चाचणी तयार करू नये. तरी विद्यार्थ्यांचे कुतूहल मोलाचे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

या पद्धतीची सुरुवात फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७९ च्या सुमारास स्वतःवरच प्रयोग करून केली. पुढे झुरिकमध्ये कार्ल युंग यांनी ती मनोविकारांच्या अभ्यासात आणली. १९१० मध्ये अमेरिकेत ग्रेस केंट आणि एरन रोझानॉफ यांनी १०० शब्दांची यादी १,००० सर्वसामान्य माणसांसमोर ठेवून कोणत्या शब्दाला किती जणांनी कोणता शब्द दिला याची कोष्टके छापली. कोष्टकात न सापडणारा प्रतिसाद "वैयक्तिक" ठरे, आणि वैयक्तिक प्रतिसाद फार झाले की ते मनोविकाराचे लक्षण मानण्याकडे कल असे. खरी ग्यानबाची मेख इथेच आहे. विरळ म्हणजे कोणाच्या तुलनेत विरळ? "मासा" म्हटल्यावर मालवणच्या माणसाला बांगडा सुचेल, लातूरच्या माणसाला पाणी सुचेल, आणि पंढरपूरच्या माळकऱ्याला कदाचित काहीच सुचणार नाही. मराठीसाठी असे कोष्टक करायचेच असेल, तर ते भाषेच्या अभ्यासासाठी, प्रदेश, वय आणि शिक्षण यांची नोंद ठेवून करावे. त्याचा निदानाशी संबंध जोडू नये. आपल्याकडे निदान आणि प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मापनश्रेणी वापरली जाते, तिच्यात ४० बाबी आहेत. भाषेच्या भागात एकोलालिया, सर्वनामांची उलटापालट ("मी"ऐवजी "तू" म्हणणे), संभाषण सुरू करणे व टिकवणे अशा गोष्टी पाहिल्या जातात. तीही प्रशिक्षित तज्ज्ञाने मुलाखत आणि निरीक्षण यांच्या आधारे भरायची असते.

आता साहचर्याविषयी प्रत्यक्ष संशोधन काय सांगते ते पाहू. जपानमधील मोतोमी तोइची आणि योको कामिओ यांनी २००१ मध्ये साध्या, रोजच्या शब्दांवर प्रयोग केला. त्यात आधी दाखवलेल्या शब्दामुळे त्याच्याशी संबंधित शब्द पूर्ण करणे ऑटिस्टिक व्यक्तींना इतरांइतकेच सोपे गेले. म्हणजे "चहा" आणि "कप" यांची जोडी त्यांच्या मनातही जुळलेलीच असते. त्याच दोघांनी आदल्या वर्षी असे दाखवले होते, की आधी चित्र दाखवले तर ऑटिस्टिक गटाला शब्दापेक्षा चित्राची मदत अधिक होते. तुलनेच्या गटात असा फरक नव्हता.

स्मृतीच्या एका प्रसिद्ध प्रयोगात तर निकाल एकमेकांच्या विरुद्ध गेले. या प्रयोगात पलंग, उशी, गोधडी, जांभई, घोरणे, स्वप्न असे शब्द एकापाठोपाठ ऐकवतात. यादीत "झोप" हा शब्द नसतो, तरी नंतर विचारले की पुष्कळ जण तो ऐकल्याचे छातीठोकपणे सांगतात, कारण सगळ्या शब्दांचे धागे तिकडेच जातात. २००० साली डेव्हिड बेव्हर्सडॉर्फ यांच्या गटाला असे आढळले, की ऑटिस्टिक प्रौढ या सापळ्यात कमी सापडतात. त्याच वर्षी लंडनमधील डर्मोट बोलर यांच्या गटाला आढळले, की अॅस्पर्जर निदानाचे (हे पूर्वी वेगळे मानले जाणारे, आता ऑटिझममध्येच धरले जाणारे निदान) प्रौढही इतरांसारखेच फसतात. "ऑटिस्टिक माणूस तपशील पाहतो, त्याला सारांश दिसत नाही" असे एका वाक्यात सांगणाऱ्या पाठ्यपुस्तकांपुढे हे दोन निबंध शेजारी शेजारी ठेवावेत आणि विद्यार्थ्यांना त्यावर वाद घालू द्यावा. शब्दांचे जाळे सर्वांच्याच मनात असते. फरक पडतो तो त्यातला कोणता धागा आधी हलतो, आणि प्रश्न कसा विचारला आहे, यावर. पुढचे पत्र याच मुद्द्यावर आहे.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. वयाच्या ३६ व्या वर्षी ऑटिझमचे निदान झाले. शब्द ऐकला की मला आधी चित्र दिसते, तेही एका विशिष्ट जागेचे. परवा बैठकीत कोणी "सर्व्हर" म्हणाले, तेव्हा मला पहिल्या नोकरीतली खोली दिसली, जिथे एसीचे पाणी सर्व्हरच्या मांडणीजवळ ठिबकत असे, मी विचारले, "बादली ठेवली का?" सगळे हसले. मुलाखतीत "स्वतःबद्दल सांगा" म्हटले की मात्र डोके रिकामे होते. हे दोन्ही एकाच माणसात कसे?
— एक अभियंता, पुणे

उत्तर : आपल्या पत्रातील बादलीवर मी बराच वेळ थांबलो. सर्व्हरची खोली थंड ठेवणे आणि तिथे पाणी न येऊ देणे ही तुमच्या धंद्यातली गंभीर बाब आहे, आणि आपला प्रश्न त्याच बाबीचा होता. मधली पायरी तेवढी आपण मनातल्या मनात ओलांडली. "थंड ठेवण्याची व्यवस्था तपासली का, मागे एकदा एसीचे पाणी गळले होते" असे आपण म्हणाला असता, तर तोच प्रश्न जाणकाराचा ठरला असता.

पशुविज्ञानाच्या अमेरिकी प्राध्यापिका टेम्पल ग्रँडिन या स्वतः ऑटिस्टिक आहेत. सर्वसाधारण "कुत्रा" अशी आकृती आपल्या मनात नसून आयुष्यात पाहिलेले एकेक कुत्रे त्यांच्या जागेसह दिसतात, असे वर्णन त्यांनी १९९५ मध्ये केले. आपले वर्णन त्याच जातीचे आहे. मात्र सगळे ऑटिस्टिक लोक चित्रांतूनच विचार करतात हे आपले आधीचे मत ग्रँडिन यांनी पुढे स्वतःच बदलले, कारण शब्दांतून किंवा आकृतिबंधांतून विचार करणारे अनेक ऑटिस्टिक लोक त्यांना भेटले. काही जणांना अक्षरांना रंग किंवा आवाजांना चव जाणवते. २०१३ मध्ये सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने केलेल्या पाहणीत ऑटिस्टिक प्रौढांपैकी १८.९ टक्के जणांत अशी संवेदनांची सरमिसळ आढळली. ऑटिस्टिक नसलेल्यांत हे प्रमाण ७.२ टक्के होते. आपल्या पत्रात तसा उल्लेख नाही, पण वाचकांपैकी कोणाला "मंगळवार हिरवा असतो" असे वाटत असेल, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

मुलाखतीतल्या रिकामेपणाचा उलगडा बोलर यांच्या संशोधनातून होतो. ऑटिस्टिक प्रौढांना शब्दांची यादी देऊन "आठवेल ते सांगा" म्हटले, तर त्यांना ती कमी आठवते. पण "फळांची नावे सांगा" किंवा "यांपैकी कोणता शब्द यादीत होता" असे विचारले, तर फरक बराचसा मिटतो. आठवण असतेच, पण ती बाहेर काढण्यासाठी प्रश्नातच आधार असावा लागतो. "स्वतःबद्दल सांगा" या प्रश्नात कसलाच आधार नाही. "सर्व्हर" या शब्दाने एक खोली उघडते. "स्वतः" या शब्दाने एकाच वेळी शेकडो खोल्या उघडतात आणि त्यांतल्या कोणत्या दाखवायच्या हे ठरवायला मुलाखतीत वेळ नसतो. म्हणून शक्य असेल तेव्हा प्रश्न आधी लेखी मागवावेत, आणि तसे जमले नाही तर आपणच प्रतिप्रश्न करावा : "मागच्या प्रकल्पाविषयी सांगू, की शिक्षणाविषयी?" या प्रतिप्रश्नाने कोणाचे मत वाईट होत नाही, उलट मुलाखत घेणाऱ्यालाही हायसे वाटते, कारण त्यालाही तो प्रश्न नेमका काय आहे ते ठाऊक नसते.

सहकाऱ्यांच्या हसण्याविषयी दोन शब्द. अडचण नेहमी ऑटिस्टिक माणसाच्या बाजूलाच असते, ही समजूत आता टिकलेली नाही. स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले, की ही दरी दुहेरी आहे. समोरच्याला आपली वाट दिसत नाही आणि आपल्याला त्याची. २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष पाहिले. आठ-आठ माणसांच्या साखळ्या करून पहिल्याला एक गोष्ट सांगितली आणि ती कानोकानी पुढे पाठवली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली, तितकीच ती सगळे ऑटिस्टिक नसलेल्या साखळीतही टिकली. गळती झाली ती मिश्र साखळ्यांत. तेव्हा पुढच्या वेळी बादली आठवली, तर ती मांडताना आधीची एक पायरी बोलून दाखवा, आणि ज्या एका सहकाऱ्यावर विश्वास आहे त्याला सांगून ठेवा की असा शब्द आला तर "हे कशावरून आठवलं?" असे विचार. उरलेल्यांना ते पाहून सवय होईल.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. माझी २२ वर्षांची नात ऑटिस्टिक आहे. लहानपणी पाहुणे "येतो" म्हणून निघून गेले की ती दाराशी वाट पाहत बसे. आजही "डोक्यावर मिरे वाटणे" ऐकले की तिला हसू आवरत नाही, कारण तिला ते दिसते. उलट शिट्टी होण्याआधी फुसफुसणाऱ्या कुकरला ती "बोलू-की-नको" म्हणते, आणि ते मला तयार वाक्प्रचारांहून सरस वाटते. लक्षणा कळत नाही म्हणावे, तर हे कुठून येते?
— एक आजोबा, दापोली

उत्तर : गुरुजी, आपण प्रश्नातच लक्षणा, म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सोडून दुसरा अर्थ घेणे, हा शब्द वापरलात, त्यामुळे माझे काम सोपे झाले. वाक्प्रचार आणि रूपक यांना आपण एका पंगतीला बसवतो, पण ती दोन वेगळी कौशल्ये आहेत. वाक्प्रचार हा ठरलेला करार असतो. निघताना "जातो" म्हणायचे नाही, दिवा विझवायचा नाही तर वाढवायचा, दुकान बंद करायचे नाही तर वाढवायचे, नारळही फोडायचा नाही तर वाढवायचा, हे कोणी समजावून देत नाही. चारचौघांत वावरताना ते कानावरून जाते. ज्या मुलाला चारचौघांचा गलका सोसत नाही, त्याचा हा करार उशिरा होतो, पण होतो. आपली नात आज "येतो" ऐकून दाराशी बसत नसेल, हे मी पत्रात नसतानाही लिहू शकतो. कोर्टनी नॉर्बरी यांनी २००५ मध्ये मुलांच्या अभ्यासातून दाखवले, की रूपके समजणे हे निदानापेक्षा मुलाच्या एकूण भाषिक जाणकारीवर अधिक अवलंबून असते. २०१८ मध्ये तमार कलंदाडझे आणि सहकाऱ्यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही भाषेची पातळी सारखी असलेल्या गटांत फरक थोडाच उरला.

नवे रूपक घडवण्याचे म्हणाल, तर इस्रायलमधील अनात कसिरेर आणि निरा माशाल यांचा २०१४ चा अभ्यास आपल्याला आवडेल. त्यांनी प्रौढांना भावनांची वर्णने रूपकांतून करायला सांगितले, तेव्हा ऑटिस्टिक गटाने इतरांहून अधिक नवी रूपके दिली. गट लहान होता, म्हणून त्यावरून सर्वांविषयी बोलू नये. तरी कारणाचा अंदाज करता येतो. कुकर म्हटले की आपल्याला "शिट्टी" हा शब्द इतका झटकन सुचतो, की शिट्टीआधीचा आवाज ऐकूच येत नाही. नातीचा धागा त्या आवाजाला बांधलेला आहे, म्हणून तिला तिथे एक भिडस्त माणूस दिसला. तिच्या परवानगीने असे शब्द एका वहीत उतरवून ठेवा; पण पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला तिला सांगू नका. मिऱ्यांचे हसू मात्र मोकळेपणाने वाटून घ्यावे. ते चित्र खरोखरच हसण्यासारखे आहे, आपल्यालाच त्याची सवय झाली आहे.

प्रश्न : आम्ही पंचवीस वर्षे अमेरिकेत आहोत. मुलाला वयाच्या तिसऱ्या वर्षी निदान झाले, तेव्हा एका थेरपिस्टने घरात फक्त इंग्रजी बोलायला सांगितले आणि आम्ही मराठी थांबवली. आता तो २४ वर्षांचा आहे, ग्रंथालयात काम करतो, आणि नाशिकच्या आजीशी बोलता यावे म्हणून मराठी शिकायचे म्हणतो. दोन भाषांनी त्याचा गोंधळ होईल का? आता उशीर झाला आहे का?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : तो सल्ला त्या काळी अनेक कुटुंबांना मिळाला, आणि तो देणाऱ्यांपाशी त्याला पुरावा नव्हता. २०१२ मध्ये कॅनडातील कॅथरीन हॅम्बली आणि एरिक फाँबॉन यांनी एकभाषिक आणि द्विभाषिक वातावरणातील ऑटिस्टिक मुलांची तुलना केली, तेव्हा दुसऱ्या भाषेमुळे भाषाविकास अधिक मागे पडल्याचे दिसले नाही. प्रौढांविषयी बेरांजेर दिगार आणि एडिंबरोतील त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये २९७ ऑटिस्टिक प्रौढांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात अधिक भाषा येणाऱ्यांनी आपल्या सामाजिक आयुष्याविषयी अधिक समाधान नोंदवले होते. भाषांमुळेच समाधान वाढले असे यावरून म्हणता येत नाही, परंतु गोंधळाच्या भीतीला त्यात काहीच आधार मिळत नाही. चोविसाव्या वर्षी उशीर कसला?

त्याला शिकवताना शब्दांच्या याद्या पाठ करायला देऊ नयेत. वर लिहिल्याप्रमाणे पुष्कळ ऑटिस्टिक प्रौढांचा शब्द एखाद्या जागेला, वस्तूला, माणसाला बांधलेला असतो. त्याचा इथे फायदाच करून घ्यावा. आजींनी व्हिडिओ कॉलवर एका वेळी एकच वस्तू हातात धरावी, उदाहरणार्थ अडकित्ता, आणि ती कोणी दिली, तिने काय करतात, तिचा आवाज कसा येतो हे तीन-चार लहान वाक्यांत सांगावे. पुढच्या वेळी तीच वस्तू, तीच वाक्ये, आणि शेवटी एखादे नवे. आजींना हे कंटाळवाणे वाटेल, त्याला वाटणार नाही. तो ग्रंथालयात काम करतो, तेव्हा देवनागरी लिपी त्याला बोलण्याआधी जमण्याची बरीच शक्यता आहे. तसे झाले तर कॉलच्या आधी आजींनी वाक्ये लिहून पाठवावीत.

एका गोष्टीची आजींना आधीच कल्पना द्यावी. सुरुवातीला तो त्यांचीच वाक्ये त्यांच्याच आवाजात परत म्हणेल, आणि "तुला भूक लागली का?" याचे उत्तर कदाचित "तुला भूक लागली" असे देईल. इंग्रजीत "यू" या एकाच सर्वनामावर भागते. मराठीत तू, तुम्ही, आपण असे तीन दरवाजे आहेत आणि क्रियापदही त्याप्रमाणे बदलते. आजींनी चूक दाखवू नये. "हो, मला भूक लागली" हे वाक्य त्याच्या बाजूने स्वतः म्हणून दाखवावे आणि पुढे बोलत राहावे. आजींना "तू" म्हणायचे की "तुम्ही", हे मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगून टाकावे, म्हणजे त्याला अंदाज बांधत बसावे लागणार नाही.